एचसीव्ही रिॲक्टिव्ह आलं, आता काय? रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढे कुठे जायचं

मी म्हापशात एका लॅबमध्ये काम करते, सतरा वर्षं झाली. रक्त काढायचं, मशीन लावायचं आणि काउंटरवरची मुलगी सुट्टीवर असली की रिपोर्ट पण मीच द्यायचे. या काउंटरवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, 'बाय, हें रिॲक्टिव्ह म्हळ्यार बरें काय वायट?' आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर नाहीच, म्हणून हे सगळं लिहायला बसले. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी चा व्हायरस, लिव्हरला धरतो, आणि रिॲक्टिव्ह म्हणजे टेस्टला त्याची खूण लागली. मी डॉक्टर नाही, औषध कुठलं घ्यायचं ते डॉक्टर ठरवणार, पण रिपोर्टवर जे छापलेलं असतं ते बनवणारी मी आहे, त्यामुळे त्यातलं काय घट्ट आणि काय डळमळीत ते मला माहिती आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, आमच्याकडे 'माझी हिपॅटायटिस सी ची टेस्ट करा' म्हणून स्वतःहून येणारा माणूस वर्षातून दोन-चार. बाकी सगळे दुसऱ्याच कामाला आलेले असतात. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची पहिल्या तीन महिन्यांतली प्रेग्नन्सीची तपासणी, कुणी तारवटी (खलाशी) शिपवर जायच्या मेडिकलला आलेला, कुणी गल्फच्या, कुणी चवथीच्या मंडळाच्या शिबिरात रक्त देऊन आला आणि मग ब्लड बँकेतून फोन आला की जरा येऊन भेटा. म्हणजे माणूस मनाने तयारच नसतो आणि हातात कागद पडतो. त्यामुळे पहिलं काम, तो कागद घेऊन इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून गुगल करू नका. घरी जा, चहा घ्या, मग बघा.

1. आधी टेस्टचं नाव वाचा, सगळा घोळ इथेच होतो

बऱ्याच पॅनलमध्ये तीन नावं एकाखाली एक येतात, एचआयव्ही, एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही. यातलं एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी, आणि अँटी-एचसीव्ही म्हणजे सी. लोक बी आणि सी एकच समजतात, कधी कधी शिकलेले पण. पण दोन्ही टेस्ट वेगळ्या जातीच्या आहेत. एचबीएसएजी मध्ये आम्ही व्हायरसच्या अंगावरचं प्रोटीन शोधतो, म्हणजे ती रिॲक्टिव्ह आणि पुढे कन्फर्म झाली तर व्हायरस आत आहे. अँटी-एचसीव्ही मध्ये आम्ही व्हायरस शोधतच नाही, व्हायरसविरुद्ध तुमच्या शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी शोधतो. 'अँटी' हा शब्द तिथे उगाच नाही. आणि अजून एक, अँटी-एचबीएस अशी पण एक टेस्ट असते, ती पॉझिटिव्ह आली तर चांगलंच, बहुतेक वेळा बी ची लस लागू पडलीय असा तिचा अर्थ, पण मागे एक बाई तोच रिपोर्ट घेऊन रडत आली होती. तर नाव वाचा, स्पेलिंग वाचा, आणि नाही कळलं तर काउंटरवर विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

हिपॅटायटिस ए आणि ई ही पाण्यातून, खाण्यातून होणारी कावीळ, ती पावसाळ्यात येते आणि बहुतेकांची बरी होऊन जाते. बी आणि सी रक्तातून. बी ला लस आहे, सी ला अजून नाही. आणि सी मध्ये बहुतेकांना डोळे पिवळे वगैरे काहीच होत नाही, वर्षानुवर्षं माणूस धडधाकट फिरतो, शेतात काम करतो, म्हणूनच हा असा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सापडतो.

स्वतःहून टेस्ट कुणी करून घ्यावी? ज्यांना जुन्या काळी रक्त चढवलंय त्यांनी, कारण आपल्या देशात ब्लड बँकेत सी ची तपासणी सक्तीची झाली ती 2001-02 च्या सुमारास, त्याआधीच्या बाळंतपणात किंवा ॲक्सिडेंटमध्ये रक्त घेतलं असेल तर एकदा करून घ्याच. डायलिसिसवाल्यांनी, कधीही सुईने नशा केलेल्यांनी, भले एकदाच केली असेल आणि वीस वर्षांपूर्वी असेल, गावात एकच सिरिंज उकळून सगळ्यांना टोचणाऱ्या डॉक्टरकडे लहानपणी गेलेल्यांनी. आणि टॅटू. कळंगुट-बागाच्या बाजूला सीझनमध्ये टॅटूची दुकानं कशी उघडतात तुम्हाला माहितीय, चांगली पण आहेत, पण बीचवर बसून एकाच शाईच्या टोपणात दहा जणांची सुई बुडवणारे पण आहेत. सुई नवी फोडली म्हणून लोक खुश होतात, शाईकडे कुणी बघत नाही.

2. कार्ड टेस्ट की मशीन, हे बघा

शिबिरात किंवा छोट्या दवाखान्यात कार्ड टेस्ट होते, प्रेग्नन्सीच्या किटसारखंच दिसतं. सी म्हणजे कंट्रोल, टी म्हणजे टेस्ट (इथल्या सी चा हिपॅटायटिस सी शी काही संबंध नाही, यावरून पण एकाचं भांडण झालेलं माझ्याशी). सी ची रेष आलीच नाही तर टेस्ट बाद, नवीन कार्ड घ्यायचं. टी ची रेष फिकट आली तरी ती रिॲक्टिव्हच धरतात, फिकट म्हणजे थोडासा आजार असं काही नसतं. पण किटवर जी वेळ दिलीय, साधारण पंधरा-वीस मिनिटं, त्याच्या आत वाचलं पाहिजे, तासाभराने कार्ड सुकल्यावर उगाच एक सावलीसारखी रेष दिसते आणि गडबड होते.

मोठ्या लॅबमध्ये एलायझा किंवा सीएलआयए (मशीनवर अँटीबॉडी शोधायच्या पद्धती), आणि त्याच्या रिपोर्टवर आकडा येतो. समजा 0.08, किंवा 1.4, किंवा 14.6. समोर एस/सीओ असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे तुमच्या रक्तात व्हायरस किती तो नाही, हे प्लीज लक्षात ठेवा. मशीनला तुमच्या सॅम्पलमधून जेवढा सिग्नल मिळाला त्याला किटच्या कट-ऑफने भागलं की हा आकडा येतो. 1 च्या खाली नॉन रिॲक्टिव्ह, 1 आणि वर रिॲक्टिव्ह, आणि काही किटमध्ये 0.9 ते 1 मधला पट्टा ग्रे झोन, म्हणजे मशीन म्हणतंय मला पण नक्की सांगता येत नाही.

आता आतली गोष्ट. आकडा 1.3, 2.1 असा कट-ऑफला चिकटून असेल तर तो खोटा रिॲक्टिव्ह असायची शक्यता बरीच असते, खास करून ज्याला रिस्क काहीच नव्हती अशा माणसात. आकडा चांगला मोठा असेल तर अँटीबॉडी खरोखर असायची शक्यता जास्त. पण मोठा म्हणजे किती हे मशीनवर आहे, पूर्वी याचे तक्ते असायचे, कुठल्या मशीनला 3.8, कुठल्या मशीनला 5, कुठल्या 8. म्हणून एका लॅबचा 2.8 आणि दुसऱ्या लॅबचा 6 घेऊन 'वाढलं वाढलं' करत बसू नका, ते आंबा आणि फणस तोलण्यासारखं आहे. हल्ली या तक्त्यांच्या भानगडीत कुणी फार पडत नाही, सरळ पुढची टेस्ट करतात, आणि तेच बरोबर आहे.

खोटा रिॲक्टिव्ह का येतो? काहींच्या शरीरात दुसऱ्याच कारणाने अँटीबॉडी भरपूर असतात, संधिवातासारखे ऑटोइम्यून आजार असले तर, कधी प्रेग्नन्सीत, कधी कारण सापडतच नाही. आणि मुळात ज्या समाजात आजार कमी आहे तिथे टेस्ट कितीही चांगली असली तरी रिॲक्टिव्हमध्ये खोट्यांचा वाटा वाढतो, हे सरळ गणित आहे. हजार माणसांत पाचच आजारी असतील आणि टेस्ट शंभरात एकाला चुकून रिॲक्टिव्ह दाखवत असेल, तर पाच खरे आणि जवळजवळ दहा खोटे, सगळे एकाच रांगेत उभे.

नावाची अदलाबदल पण होते बाबा, आमच्या धंद्यातली लाजिरवाणी गोष्ट आहे पण होते. डिचोली, सत्तरीकडे गावकर आणि नाईक किती ते बघा, आणि त्यात पहिलं नाव पण सारखं. रिपोर्टवरचं वय, सॅम्पलची तारीख, आयडी नंबर तपासा. शंका आली तर नवीन सॅम्पल द्या, जुन्याच सॅम्पलवर पुन्हा टेस्ट केली तर चूक तीच राहणार.

3. अँटीबॉडी म्हणजे एक-चौदावरचं नाव

हे मी काउंटरवर सगळ्यांना असंच समजावते आणि गोव्यातल्या माणसाला लगेच कळतं. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीचा सरकारी उतारा, महाराष्ट्रातल्या सातबारासारखा) तुमच्या पणजोबाचं नाव असतं की नाही? पणजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली, घर मोडलं, तरी उताऱ्यावर नाव आहे. ते नाव बघून एवढंच कळतं की हा माणूस कधीतरी इथे होता. आज घरात कोण राहतं ते बघायचं असेल तर जाऊन दार वाजवावं लागतं. अँटीबॉडी म्हणजे ते उताऱ्यावरचं नाव. व्हायरस निघून गेला, स्वतःहून गेला किंवा औषधाने गेला, तरी अँटीबॉडी वर्षानुवर्षं, बऱ्याच जणांत आयुष्यभर राहते. आणि ग्रे झोन म्हणजे तलाठ्याच्या अक्षरात लिहिलेलं नाव, तुमच्याच पणजोबाचं आहे की शेजाऱ्याच्या ते वाचताच येत नाही.

व्हायरस शिरलेल्यांपैकी साधारण 15 ते 45 टक्के लोकांचा व्हायरस पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवाय आपोआप निघून जातो. उरलेल्यांत तो मुक्काम ठोकतो, त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि त्यातल्या 15 ते 30 टक्के लोकांना वीसेक वर्षांत लिव्हरचा सिरॉसिस (लिव्हर व्रण पडून कडक होणं) होऊ शकतो. म्हणजे घाई नाही पण दुर्लक्ष पण नाही.

4. दार वाजवणं म्हणजे आरएनए टेस्ट

अँटीबॉडी रिॲक्टिव्ह, बॉर्डरलाईन, ग्रे झोन, काहीही आलं तरी पुढची टेस्ट एकच, एचसीव्ही आरएनए पीसीआर, काही ठिकाणी व्हायरल लोड म्हणतात. आरएनए म्हणजे व्हायरसचा जनुकीय धागा, त्यामुळे ही टेस्ट व्हायरसच शोधते. अँटीबॉडी तीन-तीन लॅबमध्ये पुन्हा पुन्हा करून पैसे घालवणारे लोक मी बघितलेत, एकीकडे रिॲक्टिव्ह, एकीकडे नॉन, मग तिसरीकडे 'टायब्रेकर', आणि महिना गेला. त्या पैशात आरएनए झाली असती.

सॅम्पल साधंच, हाताच्या शिरेतून, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये. पण आरएनए नाजूक असतो, रक्त तासन्तास उन्हात गाडीच्या डिकीत पडलं तर खराब होतं आणि मग खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाकडे आईस बॉक्स आहे का एवढं बघा. ट्रूनॅट नावाचं छोटं मशीन टीबीमुळे आणि कोविडमुळे सगळ्यांना माहिती झालं, ते बनवणारी मोलबायो कंपनी आपल्या वेर्ण्याची, आणि त्यावर एचसीव्हीची पण चिप येते, तासाभरात उत्तर मिळतं. आपल्या गोव्यातून एवढी चांगली वस्तू जगभर जाते आणि आपल्यालाच पत्ता नसतो.

लॅबला आधीच विचारून ठेवा की रिॲक्टिव्ह आलं तर त्याच दिवशीच्या रक्तावर आरएनए लावता येईल का. काही ठिकाणी दुसरी ट्यूब बाजूला ठेवतात, तुमची एक फेरी वाचते.

5. आता खरी गुंतागुंत, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा

अँटीबॉडी रिॲक्टिव्ह आणि आरएनए मध्ये आकडा आला, समजा 8,45,000 आययू प्रति मिली आणि बाजूला लॉग 5.93 (तोच आकडा दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला). म्हणजे व्हायरस आहे, इन्फेक्शन चालू आहे. आकडा बघून घाबरू नका, लाखात म्हणजे लिव्हर गेलं असं अजिबात नाही, सी मध्ये व्हायरल लोडचा आणि लिव्हर किती खराब झालंय त्याचा फारसा संबंध नसतो. पाच हजारवाल्याला सिरॉसिस असू शकतो आणि पन्नास लाखवाल्याचं लिव्हर मऊसूत.

अँटीबॉडी रिॲक्टिव्ह आणि आरएनए 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. म्हणजे आत्ता रक्तात व्हायरस नाही. कारण तीनपैकी एक, तो येऊन गेला, औषधाने गेला, किंवा अँटीबॉडीच खोटी होती. बहुतेकांना याच्यापुढे काही करायची गरज नसते. पण गेल्या सहा महिन्यांत काही रिस्क झाली असेल, सुई टोचली, टॅटू काढला, सुईने नशा केली, तर काही आठवड्यांनी आरएनए पुन्हा एकदा, कारण सुरुवातीच्या काळात व्हायरस मधेच खाली जाऊन पुन्हा वर येऊ शकतो. खरं की खोटं हे जाणून घ्यायची हौस असेल किंवा नोकरीसाठी लागत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या किटवर अँटीबॉडी करून बघता येते. दोन वेगळ्या किटमध्ये एकच चूक सहसा होत नाही.

मग ते विचित्र वाक्य, 'डिटेक्टेड, 15 पेक्षा कमी'. हे वाचून सगळेच गोंधळतात, सापडला पण आणि मोजता पण येत नाही. याचा अर्थ व्हायरसचा मागमूस लागलाय पण मशीन ज्याच्यावर आकडा सांगू शकतं त्याच्यापेक्षा कमी आहे (हा खालचा आकडा किटप्रमाणे 12, 15, 25 असा बदलतो). हे 'नॉट डिटेक्टेड' नव्हे. काही आठवड्यांनी पुन्हा करायची, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये.

अँटीबॉडी नॉन रिॲक्टिव्ह, पण रिस्क आत्ताच झाली. हे सगळ्यात जास्त फसवतं. अँटीबॉडी तयार व्हायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त, आणि आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांत दिसतो. म्हणून गेल्या शनिवारी हणजुणेत टॅटू काढला आणि या सोमवारी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून पार्टी करू नका, त्या टेस्टने फक्त टॅटूच्या आधीची गोष्ट सांगितली. डायलिसिसवाले, एचआयव्ही असलेले, प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घेणारे, यांच्यात अँटीबॉडी नीट बनतच नाही कधी कधी, त्यांनी शंका असेल तर आरएनएच करावी.

माझंच सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सुईचं टोपण परत लावताना बोटात सुई गेली, जे करू नये म्हणून शिकवतात तेच केलं, आणि पेशंट आरएनए पॉझिटिव्ह निघाला. बी ला लस आणि इंजेक्शन असतं, एचआयव्हीला गोळ्या असतात, सी ला असं टोचल्यावर लगेच घ्यायचं काही नाही, फक्त टेस्ट करत राहायचं. पहिल्याच दिवशी एक टेस्ट, ती निगेटिव्ह, म्हणजे आधीपासून नव्हतं याची नोंद. दीड महिन्याने आरएनए. सहा महिन्यांनी अँटीबॉडी. सगळं साफ आलं, आणि मला नंतर कळलं की अशा टोचण्यातून सी लागायची शक्यता शंभरात दोनपेक्षा पण कमी असते, पण ते सहा महिने मी घरात कुणाला काकडी कापून दिली नाही. (त्याची गरज नव्हती, कापलं बिपलं तर पट्टी लावायची, बस.)

लहान बाळ असेल आणि आईला सी असेल तर बाळाची अँटीबॉडी दीड वर्षापर्यंत करून उपयोग नाही, आईच्याच अँटीबॉडी त्याच्या रक्तात फिरत असतात. आधीच बघायचं असेल तर दोन महिन्यांनंतर आरएनए, बालरोगतज्ज्ञांना विचारून. आईकडून बाळाला जायचं प्रमाण शंभरात पाच-सहा. दूध पाजायला हरकत नाही, स्तनाग्र फुटून रक्त येत असेल तेवढे दिवस सोडून.

6. गोव्यात कुठे जायचं

सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे, 28 जुलै 2018 ला सुरू झाला, आणि त्यात सी ची तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट. हे वाक्य परत वाचा, कारण प्रायव्हेटमध्ये आरएनएला हजारोंत पैसे जातात आणि लोक त्या भीतीनेच थांबतात. कार्यक्रमाची रचना अशी आहे की साधी केस जिल्ह्याच्या पातळीवर आणि सिरॉसिस, किडनी वगैरे भानगडीची केस मोठ्या सेंटरला. आपल्याकडे उत्तरेला म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, ज्याला आमची पिढी अजून आझिलोच म्हणते, दक्षिणेला मडगावचं, आणि शेवटी सगळे रस्ते बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज). आधी तुमच्या जवळच्या हेल्थ सेंटरच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या, नाहीतर तिथे गेल्यावर मेडिसिनला की गॅस्ट्रोला यातच सकाळ जाते. ओपीडीला लवकर जा, सकाळची बस पकडलीत तर केसपेपरच्या रांगेत पुढे असाल.

सोबत न्यायचं, आधार, आजपर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत म्हणून पाकिटंच न्या), आणि एका कागदावर कधी रक्त चढवलं, कधी ऑपरेशन झालं ते. डॉक्टरसमोर लाजून नशेची किंवा टॅटूची गोष्ट लपवू नका, त्यांना ते पोलिसांना सांगायचं नसतं.

7. लिव्हरची तपासणी आणि गोळ्या

आरएनए पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टर बघतात लिव्हर कितपत कडक झालंय. त्यासाठी लगेच सुई घालून तुकडा काढत नाहीत आता. एलएफटी (लिव्हरची रक्त तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मधूनच एक हिशोब निघतो, फिब-4 म्हणतात, घरी पण करता येतो. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ (एएसटी आणि एएलटी हे एलएफटीमधलेच आकडे, एसजीओटी आणि एसजीपीटी नावाने पण छापतात). समजा वय 45, एएसटी 50, एएलटी 64, प्लेटलेट अडीच लाख म्हणजे हिशोबात 250. वर 45 गुणिले 50 म्हणजे 2250, खाली 250 गुणिले 8 म्हणजे 2000, उत्तर 1.1 च्या आसपास. 1.45 च्या खाली असेल तर पुढे गेलेला आजार असायची शक्यता कमी, 3.25 च्या वर असेल तर डॉक्टर गंभीरपणे घेतात, मधे असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा बाहेरूनच मोजणारं मशीन) वगैरे. आणि एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणजे काही नाही असं समजू नका, सी असलेल्या कित्येकांचं एसजीपीटी वर्षभर नॉर्मल असतं.

गोळ्या म्हणजे साधारणपणे सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर, रोज, 12 आठवडे, 84 दिवस. सिरॉसिस असेल तर सोफोसबुवीर-वेलपाटासवीर, कधी जास्त दिवस. शंभरातले 95 हून जास्त बरे होतात, आणि बरे म्हणजे खरोखर बरे. हे व्हायरस 1989 मध्ये सापडलं, त्यावर नोबेल 2020 मध्ये मिळालं, मधल्या काळात सहा महिने ते वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊन ताप, केस गळणं, डिप्रेशन सोसणारे पेशंट मी पाहिलेत, आणि तेव्हा बरे व्हायची खात्री पण नसायची. सोफोसबुवीर अमेरिकेत 2013 मध्ये आलं तेव्हा एका गोळीची किंमत 1000 डॉलर होती, तीच आपल्याला आता सरकारी खिडकीवर फुकट मिळते, तरी लोक सोमवारी बस मिळाली नाही म्हणून खाडा करतात. खाडा करू नका.

सुरू करायच्या आधी एचबीएसएजी झालीय ना हे विचारा, कारण सोबत बी असेल तर सी च्या औषधाने बी उसळू शकतो. हृदयाची ॲमिओडॅरोन गोळी, फिटची काही औषधं, टीबीचं रिफॅम्पिसिन आणि वेलपाटासवीर असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्या सुद्धा, हे सगळं डॉक्टरला आधी सांगायचं. प्रेग्नन्सीत सहसा या गोळ्या देत नाहीत, बाळंतपणानंतर बघतात.

आणि दारू. मार्च आला की उर्राक, मला माहितीय, एक ग्लास लिंबू-मिरची घालून काय होतं. होतं. लिव्हर आधीच जखमी असताना वर उर्राक-फेणी म्हणजे सिरॉसिसची वाट सोपी करून देणं. काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारे प्रत्येक तालुक्यात आहेत, तिथे पण जाऊ नका, सी वर ते चालत नाही, आणि कोविडच्या काळात नुसता गुळवेल पिऊन लिव्हर बिघडलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत.

8. घरात आणि गावात

एकत्र जेवण, एकच संडास, मिठी, पोराला पापी, कशाने लागत नाही. ताट-पेला वेगळा करायची गरज नाही, एका घरात सुनेचं ताट वेगळं केलेलं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. रेझर, टूथब्रश, नेलकटर, शुगर तपासायची सुई, एवढं मात्र वेगळं. नवरा-बायकोत सेक्समधून जायचं प्रमाण फारच कमी, पण जोडीदाराने एकदा टेस्ट केलेली बरी. रक्तदान बंद, कायमचं, बरे झालात तरी, कारण अँटीबॉडी राहते.

रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. डॉक्टर असलेल्या मामेभावाला पाठवायचा असेल तर त्यालाच पाठवा. वाड्यावर एकदा 'त्याला कसली तरी रक्ताची बिमारी' झालं की पुढे तुमचा आरएनए निगेटिव्ह आला हे सांगायला कुणी घरोघरी जात नाही.

9. गोळ्या संपल्यावर

शेवटच्या गोळीनंतर 12 आठवडे थांबून आरएनए करायची, ती नॉट डिटेक्टेड आली की बरे. पाकीट संपलं त्या दिवशी कॅलेंडरवर बारा आठवडे मोजून खूण करा, कारण गोळ्या संपल्या की माणूस इस्पितळाकडे फिरकत नाही. बरे झाल्यावर अँटीबॉडी टेस्ट पुन्हा कधीच करू नका, ती रिॲक्टिव्हच येणार आणि तुम्ही पुन्हा माझ्या काउंटरवर. पुन्हा रिस्क झाली तर आरएनएच, कारण एकदा होऊन गेला म्हणून संरक्षण मिळत नाही, परत होऊ शकतो. ज्यांना सिरॉसिस झालेला आहे त्यांनी व्हायरस गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, लिव्हरच्या कॅन्सरसाठी.

गल्फला किंवा शिपवर जाणाऱ्यांनी तो शेवटचा आरएनए रिपोर्ट लॅमिनेट करून पासपोर्टच्या फाईलमध्येच ठेवा. गल्फच्या मेडिकलमध्ये अँटीबॉडी बघतात, बऱ्याचदा नुसत्या रिॲक्टिव्हवर अनफिट करतात, नियम त्यांचे आहेत, पण कागद असला तर बोलायला तोंड तरी असतं. एजंट 'दुसऱ्या नावाने सॅम्पल देऊ' म्हणाला तर त्याच्या नादाला लागू नका, नोकरी तर जातेच आणि वर केस होते.

आणि एक राहिलंच, सगळे विचारतात. अँटीबॉडी असो की आरएनए, उपाशी पोटी यायची गरज नाही. सोबत शुगर किंवा लिपिड लिहिलेलं असेल तरच उपाशी, चिठ्ठी नीट बघून या. नाहीतर सकाळी पाव-भाजी खाऊन निवांत या, भरल्या पोटी माणूस चक्कर येऊन पडत नाही आणि मला शीर पण पटकन सापडते.